अ, ॲन आणि द : इंग्रजी उपपदे लावण्याची रीत

इंग्रजी वाक्यात नामाच्या आधी येणारी अ, ॲन आणि द ही तीन उपपदे, ज्यांना शाळेत सगळे आर्टिकल म्हणतात, लिहायला अगदी लहान आहेत. पण मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला इंग्रजी लिहिताना सर्वांत जास्त अडखळवतात तीच. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाते, तरीही बारावी झालेला मुलगा नोकरीच्या अर्जात ‘माय फादर इज फार्मर’ असे लिहितो आणि त्यात काही राहून गेले आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी संध्याकाळी अशाच मुलामुलींना इंग्रजी शिकवतो, आणि वह्या तपासताना माझी लाल शाई सर्वाधिक या तीन शब्दांवरच खर्च होते. ज्यांनी आजवर उपपदे अंदाजाने लावली किंवा अंदाजानेच गाळली, त्यांच्यासाठी ही रीत पायरीपायरीने मांडली आहे. इंग्रजी उदाहरणे मुद्दामच देवनागरीत लिहिली आहेत, कारण ती मोठ्याने वाचावीत अशी अपेक्षा आहे. शिवाय देवनागरी लिपीचा एक मोठा फायदा पुढे तिसऱ्या पायरीवर दिसून येईल.

पायऱ्या चढण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मराठीत उपपद नाही, म्हणून ही कल्पनाच आपल्याला परकी आहे, असे अनेक जण मानतात. वस्तुस्थिती तशी नाही. ‘एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या,’ ही गोष्टीची सुरुवात आपण लहानपणापासून ऐकतो. पहिल्या वाक्यात राजाची ओळख नाही, म्हणून ‘एक’ आला. दुसऱ्या वाक्यात तोच राजा ओळखीचा झाला, म्हणून ‘त्या’ आला. इंग्रजीतील उपपदे जन्मली तीही याच दोन शब्दांतून. अ आणि ॲन यांचे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘एक’ या अर्थाच्या संख्यावाचक शब्दात आहे, तर द चे मूळ ‘तो, ती, ते’ अशा अर्थाच्या दर्शक शब्दात आहे, आणि त्या दर्शक शब्दाचे नाते थेट संस्कृतातील ‘तद्’शी लागते. आपल्या भागात बोलताना ‘तो’ऐवजी ‘थो’ आणि ‘ते’ऐवजी ‘थे’ म्हणणारी माणसे ज्या जागी हा शब्द वापरतात, त्यांतील बऱ्याच जागी इंग्रज माणूस द वापरतो, एवढे सांगितले की मुले पहिल्याच दिवशी हसून मोकळी होतात आणि भीती निम्मी उतरते.

मग अडचण कोठे येते? अडचण अशी की, मराठीत ‘एक’ आणि ‘तो’ हे शब्द ऐच्छिक आहेत. आपण ते पुष्कळदा बोलतच नाही, आणि संदर्भावरून ऐकणारा काय ते समजून घेतो. इंग्रजीत ही सवलत नाही. तेथे प्रत्येक नामापाशी थांबून निर्णय घ्यावाच लागतो, आणि काहीही न लावणे हासुद्धा एक निर्णयच ठरतो.

पहिली पायरी : नाम कोणत्या जातीचे आहे?

वाक्यातील नामावर बोट ठेवावे आणि ती वस्तू एक, दोन, तीन अशी सुटी मोजता येते का, हे पाहावे. विहीर, बैल, मूल, मोटारसायकल, अर्ज या वस्तू सुट्या मोजता येतात. पाणी, दूध, माती, कापूस, तांदूळ, सोने हे पदार्थ सुटे मोजता येत नाहीत. त्यांना लिटर, किलो, क्विंटल, पोते किंवा गाठ असे माप लागते. सुट्या मोजता येणाऱ्या वस्तूचे नाम एकवचनात असेल, तर इंग्रजीत ते सहसा उघडे राहू शकत नाही. त्याच्या आधी अ, ॲन किंवा द, नाहीतर माय, युवर, दिस, दॅट, एव्हरी यांपैकी काहीतरी असावेच लागते. ‘माय फादर इज फार्मर’ हे वाक्य चुकते ते येथेच. ‘फार्मर’ हे एकवचनी, मोजता येणारे नाम आहे आणि त्याच्या डोक्यावर काहीच नाही. योग्य वाक्य ‘माय फादर इज अ फार्मर’. मराठीत आपण ‘माझे वडील एक शेतकरी आहेत’ असे म्हणत नाही, म्हणून येथे मराठीवर विसंबून चालत नाही. व्यवसाय सांगताना इंग्रजीत अ किंवा ॲन लागतोच, हे मनात पक्के बसवावे : ‘शी इज अ नर्स’, ‘ही इज ॲन इलेक्ट्रिशियन’, ‘आय ॲम अ स्टुडंट’.

माप लागणाऱ्या पदार्थाच्या नामाला मात्र अ किंवा ॲन सहसा लागत नाही, कारण त्यांचा मूळ अर्थच ‘एक’ असा आहे. ‘अ कॉटन’ म्हणता येत नाही. ‘अ क्विंटल ऑफ कॉटन’ किंवा ‘अ बेल ऑफ कॉटन’ म्हणता येते. येथे अ हा कापसाचा नसून क्विंटलचा किंवा गाठीचा आहे.

या पायरीवर एक सावधगिरी बाळगावी. वस्तू मोजता येते की नाही, हे इंग्रजी भाषेने तिच्या पद्धतीने ठरवले आहे आणि ते दर वेळी आपल्या समजुतीशी जुळेल असे नाही. बाजारात वाटाणे आणि तांदूळ दोन्ही तराजूतच तोलतात. पण इंग्रजीत वाटाणे मोजता येतात, म्हणून ‘पीज’ असे अनेकवचन होते, आणि तांदूळ मोजता येत नाही, म्हणून ‘राइस’ तसाच राहतो. याहून अधिक त्रास देणारे शब्द म्हणजे ॲडव्हाइस, न्यूज, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, होमवर्क आणि वर्क. मराठीत आपण ‘एक सल्ला देतो’, ‘एक बातमी आहे’ असे अगदी सहज म्हणतो, आणि त्याच सहजतेने ‘ॲन ॲडव्हाइस’, ‘अ न्यूज’ लिहून बसतो. इंग्रजीत ही नामे पाण्यासारखी मानली जातात. एकच सल्ला सांगायचा असेल, तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावे लागते. ‘तुमच्याकडे एक काम होते’ याचे ‘आय हॅव वन वर्क विथ यू’ असे भाषांतर तर तहसील कार्यालयाच्या आवारात रोज ऐकू येते. त्या जागी ‘आय हॅव सम वर्क’ म्हणावे. मोजूनच सांगायचे असेल तर ‘अ जॉब’ किंवा ‘अ टास्क’ हे शब्द आहेत.

दुसरी पायरी : ऐकणाऱ्याला ‘कोणता?’ असे विचारावे लागेल का?

सगळ्या विषयाचा गाभा या एका प्रश्नात आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

समजा, एक शेतकरी बाजारातून एसटीने गावाकडे परतत आहे. शेजारी बसलेला अनोळखी माणूस सहज विचारतो, ‘काय काम काढलं होतं बाजारात?’ शेतकरी उत्तर देतो, ‘बैल विकला.’ त्या माणसाला याच्या घरचे बैल किती, कोणत्या रंगाचे, यांतील काहीच ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने तो कोणतातरी एक बैल आहे. इंग्रजीत हे वाक्य ‘आय सोल्ड ॲन ऑक्स’ असे होईल. तोच शेतकरी घरी पोहोचतो आणि बायकोला तेच दोन शब्द सांगतो, ‘बैल विकला.’ म्हातारा झालेला बैल या बाजारात विकायचा, हे आठ दिवसांपूर्वी दोघांनी बसून ठरवलेले आहे. त्यामुळे कोणता बैल, असे तिला विचारावे लागत नाही. येथे इंग्रजी वाक्य ‘आय सोल्ड द ऑक्स’ असे होईल. बैल तोच, विकणारा तोच, मराठी शब्दही तेच. बदलला तो फक्त ऐकणारा. म्हणून उपपद ठरवताना वस्तूकडे किंवा स्वतःकडे पाहू नये, ऐकणाऱ्याकडे पाहावे. बोलणाऱ्याला तर आपला बैल नेहमीच ठाऊक असतो. ‘मला माहीत आहे ना, म्हणून द लावला,’ असे मुले हमखास सांगतात, आणि नेमके तेथेच चुकतात.

ऐकणाऱ्याला कोणती वस्तू ते कळते, याची कारणे काही मोजकीच असतात. सर्वांत सोपे कारण म्हणजे ती वस्तू आधी बोलण्यात येऊन गेलेली असते. ‘अ वाइल्ड बोअर केम इंटू अवर फील्ड. द बोअर डिस्ट्रॉइड द क्रॉप.’ पहिल्यांदा वावरात शिरलेले रानडुक्कर अनोळखी, म्हणून अ. दुसऱ्या वाक्यात तेच डुक्कर, म्हणून द. पण याच वाक्यात ‘क्रॉप’ पहिल्यांदाच आले आहे, तरी त्याला द कसा लागला? कारण वावराचा उल्लेख झाला की त्यातील पीक आपोआप ओळखीचे होते. ‘आय बॉट अ मोटरसायकल, बट द हॉर्न डज नॉट वर्क’ या वाक्यातही हॉर्न त्याच गाडीचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. शाळेत सांगितलेला ‘पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द’ हा नियम खोटा नाही, पण तो या मोठ्या नियमाचा एक तुकडा आहे. तेवढ्यावरच विसंबणारा विद्यार्थी ‘अ सन’ आणि ‘अ सरपंच ऑफ अवर व्हिलेज’ लिहितो.

दुसरे कारण म्हणजे त्या परिस्थितीत तशी वस्तू एकच असते. सूर्य, चंद्र, आकाश, पृथ्वी हे सर्वांसाठी एकच आहेत : द सन, द मून, द स्काय, द अर्थ. गावापुरता सरपंच एकच असतो, म्हणून गावात बोलताना ‘द सरपंच’. शाळेपुरते मुख्याध्यापक एकच, म्हणून ‘द हेडमास्टर’. घरात बोलताना ‘द किचन’, ‘द डोअर’. मात्र तुम्ही नागपूरला कोणाशी बोलत असाल आणि ‘माझे काका सरपंच आहेत’ असे सांगायचे असेल, तर ‘माय अंकल इज अ सरपंच’ हेच बरोबर, कारण महाराष्ट्रात सरपंच हजारो आहेत आणि ऐकणाऱ्याला तुमचे गाव कोणते, हे ठाऊक नाही.

तिसरे कारण म्हणजे नामानंतर येणारे शब्दच वस्तू नेमकी करून देतात. ‘द वेल बिहाइंड द टेम्पल’ म्हटले की देवळामागची विहीर डोळ्यांसमोर येते. येथे पुष्कळ गाइडांत ‘ऑफ दिसला की द लावावा’ असा एक झटपट नियम छापलेला असतो, तो मात्र मी मुलांना वहीतून खोडायला लावतो. ‘अ फार्मर ऑफ अवर व्हिलेज’ हे पूर्णपणे शुद्ध आहे, कारण गावात शेतकरी अनेक असतात आणि त्यांपैकी कोणताही एक अभिप्रेत असतो. ऑफ असो वा नसो, ऐकणाऱ्याच्या मनात ‘कोणता?’ हा प्रश्न उरतो का, एवढेच पाहावे. सर्वांत उंच, पहिला, शेवटचा, एकमेव, तोच अशा अर्थाच्या शब्दांना द लागतो, तोही याच न्यायाने : ‘द टॉलेस्ट ट्री’, ‘द फर्स्ट बस’, ‘द ओन्ली हँडपंप’, ‘द सेम शॉप’. पहिली गाडी एकच असणार, मग ‘कोणती पहिली?’ असे कोण विचारील?

मराठीतील एक खूण या पायरीवर कधी कधी उपयोगी पडते. ‘मुलगी पाहायला गेले’ आणि ‘मुलीला पाहायला गेले’ या दोन वाक्यांतील फरक खेड्यातील कोणत्याही माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात लग्नासाठी स्थळ पाहणे आहे. ती मुलगी अजून कोणतीतरी एक आहे. दुसऱ्यात आपली, ओळखीची मुलगी आहे, कदाचित दवाखान्यात भरती असलेली. कर्माला ‘ला’ लागला की ते कर्म बहुधा नेमके होते, आणि तेथे इंग्रजीत बहुधा द किंवा माय, युवर असा शब्द येतो. ही खूण माणसांच्या आणि जनावरांच्या बाबतीतच चांगली चालते. निर्जीव वस्तूंवर ती ताणू नये.

संपूर्ण जातीविषयी बोलायचे असेल, तर नवशिक्याने सरळ अनेकवचन घ्यावे आणि उपपद लावू नये : ‘बुलक्स आर स्ट्राँग’, ‘फार्मर्स वर्क हार्ड’. ‘द टायगर इज अ शाय ॲनिमल’ अशा एकवचनी वाक्यातही संपूर्ण वाघजात अभिप्रेत असू शकते, आणि पुस्तकांत तशी वाक्ये भेटतील. ती वाचताना ओळखावीत, लिहिताना अनेकवचन अधिक सुरक्षित. पदार्थाविषयी सर्वसाधारण विधान करताना तर द टाळावाच. ‘मिल्क इज गुड फॉर चिल्ड्रन’ यात जगातले सगळे दूध आले. ‘द मिल्क इन दिस पॉट इज सावर’ यात फक्त या भांड्यातले.

तिसरी पायरी : अ की ॲन?

दुसऱ्या पायरीवर उत्तर ‘होय, कोणता ते विचारावे लागेल’ असे आले आणि नाम एकवचनी, मोजता येणारे असेल, तरच ही पायरी लागते. शाळेत येथे ए, ई, आय, ओ, यू ही पाच अक्षरे पाठ करून घेतात आणि तेथूनच घोटाळा सुरू होतो. हा नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. आपल्याला तो इंग्रजीपेक्षा देवनागरीत अधिक सोपा पडतो : उपपदाच्या लगेच पुढे येणारा शब्द जसा ऐकू येतो तसा देवनागरीत लिहावा, पहिले अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ.

ऑरेंज, ऑक्स, अंब्रेला, एग ही स्वराने सुरू होतात : ॲन ऑरेंज, ॲन ऑक्स, ॲन अंब्रेला, ॲन एग. तास या अर्थाचा ‘अवर’ आणि प्रामाणिक या अर्थाचा ‘ऑनेस्ट’ हे शब्द इंग्रजीत एच या अक्षराने सुरू होतात, पण तो एच मुका आहे; देवनागरीत तो लिहिलाच जात नाही, म्हणून ॲन अवर, ॲन ऑनेस्ट मॅन. उलट युनिव्हर्सिटी, युनियन, युरिया हे शब्द इंग्रजीत यू अक्षराने सुरू होत असले तरी देवनागरीत त्यांच्या आरंभी य आहे, म्हणून अ युनिव्हर्सिटी, अ युरिया बॅग. ‘वन’मध्ये व आहे, म्हणून अ वन-रुपी कॉइन. रोजच्या आद्याक्षरी शब्दांचाही याच कसोटीने निकाल लागतो : ॲन एसटी बस, ॲन एमएलए, ॲन एफआयआर, ॲन एलआयसी पॉलिसी, पण अ झेडपी स्कूल, अ बीडीओ, अ यूपीआय पेमेंट.

मात्र देवनागरीत जे लिहावे ते योग्य उच्चाराचे असले पाहिजे. वर्ष या अर्थाचा इंग्रजी शब्द आपण ‘इयर’ असा लिहितो आणि म्हणून ‘ॲन इयर’ म्हणतो. मूळ उच्चारात आरंभी य आहे, ‘यिअर’ असा. म्हणून ‘अ यिअर’ हेच बरोबर. कान या अर्थाचा ‘इअर’ मात्र खरोखरच स्वराने सुरू होतो, त्याला ॲन. गावाकडे शाळेला ‘इस्कूल’ आणि स्टेशनला ‘इस्टेशन’ म्हणण्याची सवय असेल, तर ‘ॲन इस्कूल’ असेही तोंडून निघून जाते; आणि एमएलएला ‘यमेले’ म्हणणाऱ्याला ॲन का लावायचा, हेच कळत नाही. आधी उच्चार सुधारावा, उपपद आपोआप सुधारते. आणि मध्ये विशेषण आले तर निकाल त्या विशेषणावर लागतो, नामावर नाही : ॲन ऑक्स, पण अ व्हाइट ऑक्स, अ वेल, पण ॲन ओल्ड वेल.

ॲनमधील न मुळातच सांध्यावरचा असल्याने तो इकडून तिकडे घसरल्याची मजेदार उदाहरणे इंग्रजीच्या इतिहासात आहेत. स्वयंपाकघरातील ‘एप्रन’ हा शब्द पूर्वी न ने सुरू होणारा, ‘नेप्रन’सारखा होता, ‘अ नेप्रन’ ऐकता ऐकता लोकांनी तो ‘ॲन एप्रन’ असा तोडला. क्रिकेटमधील ‘अंपायर’चेही तसेच झाले. आपल्या संत्र्याच्या ‘ऑरेंज’ची कथा थोडी वेगळी आहे : संस्कृतातील ‘नारंग’ फारसी आणि अरबीतून युरोपात पोहोचला आणि तेथील भाषांत त्याचा आरंभीचा न गळाला, इंग्रजीत तो आला तेव्हाच बिनन होता. मराठीतील ‘नारिंगी’ने तो न अजून धरून ठेवला आहे.

द हा शब्द लिहिताना बदलत नाही, फक्त स्वरापूर्वी त्याचा उच्चार ‘दी’सारखा करतात : ‘दी ऑरेंज’, ‘द मँगो’.

चौथी पायरी : विशेषनामे

माणसांची, गावांची, जिल्ह्यांची, राज्यांची आणि बहुतेक देशांची नावे उपपदाशिवाय येतात, कारण नाव घेतले की ‘कोणता?’ हा प्रश्नच संपतो. यवतमाळ, अमरावती, महाराष्ट्र, इंडिया यांना द लागत नाही. सणांचेही तसेच : पोळा, दिवाळी. अनेक राज्ये मिळून झालेली अमेरिका मात्र ‘द युनायटेड स्टेट्स’.

नद्यांना द लागतो, डोंगररांगांना आणि समुद्रांना लागतो. सुट्या शिखराला आणि तलावाच्या नावाला लागत नाही. विदर्भात हे शिकण्याची उत्तम सोय आहे, कारण आपल्याकडे वर्धा हे शहरही आहे आणि नदीही. ‘आय वेंट टु वर्धा’ म्हणजे वर्धा शहराला गेलो. ‘आय क्रॉस्ड द वर्धा’ म्हणजे नदी ओलांडली. द च्या असण्यानसण्याने शहराची नदी होते. नकाशा समोर ठेवून पुढील वाक्य मोठ्याने वाचावे : ‘द पैनगंगा जॉइन्स द वर्धा, द वर्धा मीट्स द वैनगंगा, अँड फ्रॉम देअर द रिव्हर इज कॉल्ड द प्राणहिता.’ त्याच्या शेजारीच दुसरे : ‘लोणार लेक इज इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट.’ यात एकही उपपद नाही, आणि तेच बरोबर आहे. सातपुडा ही रांग आहे, म्हणून ‘द सातपुडा रेंज’. मेळघाट हे प्रदेशाचे नाव, म्हणून नुसते ‘मेळघाट’. ‘ताडोबा’ असे नुसते नाव घेतले तर उपपद नको. पण ‘द ताडोबा-अंधारी टायगर रिझर्व्ह’ असे संपूर्ण नाव घेतले की द येतो, कारण तेथे ‘रिझर्व्ह’ हे सामान्यनाम आहे.

भाषेच्या नावाला द नको, ‘आय स्पीक मराठी’. पण ‘लँग्वेज’ हा शब्द जोडला की ‘द मराठी लँग्वेज’.

पाचवी पायरी : जेथे काहीच लागत नाही

शाळा, कॉलेज, दवाखाना, तुरुंग, अंथरूण अशा जागी माणूस ज्या कामासाठी ती जागा आहे त्याच कामासाठी जातो, तेव्हा इंग्रजी उपपद गाळते. मुलगी शिकायला शाळेत जाते : ‘शी गोज टु स्कूल.’ पालकसभेसाठी तिची आई शाळेत जाते, ती शिकायला नव्हे : ‘हर मदर वेंट टु द स्कूल.’ रुग्ण भरती आहे : ‘ही इज इन हॉस्पिटल,’ आणि त्याला डबा द्यायला गेलेला भाऊ ‘ॲट द हॉस्पिटल’. अमेरिकेत रुग्णालाही ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतात, म्हणून चित्रपटात तसे ऐकले तर गोंधळू नये. आपल्या पाठ्यपुस्तकांची रीत ब्रिटिश आहे.

प्रवासाचे साधन सांगताना ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’. जेवणांची नावे, खेळांची नावे, शाळेतील विषय यांनाही उपपद नको. ‘इन द मॉर्निंग’, ‘इन दी इव्हनिंग’ असे असताना ‘ॲट नाइट’मध्ये द का नाही, याला पटेल असे उत्तर देता येत नाही. ते पाठच करावे.

मराठीमुळे होणारे काही खास घोटाळे

‘माझा एक मित्र’ याचे ‘माय वन फ्रेंड’ होत नाही. इंग्रजीत माय आणि अ शेजारी बसत नाहीत, आणि वन बसवला तर ‘माझा एकुलता एक मित्र’ असा काहीसा केविलवाणा अर्थ निघतो. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ किंवा ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ म्हणावे. याचप्रमाणे ‘एक मुलगा आला होता’ याचे ‘वन बॉय केम’ करू नये. मोजणीवर जोर नसेल तर ‘अ बॉय केम’. दोन नाही, एकच, असे सांगायचे असेल तेव्हा वन राखून ठेवावा.

‘दर’ या अर्थानेही अ येतो आणि तो मराठीत मुळीच दिसत नाही. वीस रुपये किलो म्हणजे ‘ट्वेंटी रुपीज अ किलो’. औषध दिवसातून दोनदा म्हणजे ‘ट्वाइस अ डे’. ताप, डोकेदुखी, सर्दी यांना अ लागतो, ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘अ हेडेक’, ‘अ कोल्ड’. मलेरिया, डेंग्यू यांना लागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून रजेचा अर्ज लिहिताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

एकच अ अर्थ उलटा करतो असेही एक ठिकाण आहे. ‘देअर वॉज लिटल रेन’ म्हणजे पाऊस नावालाच झाला, तक्रारीचा सूर. ‘देअर वॉज अ लिटल रेन’ म्हणजे थोडा का होईना, पण झाला. फ्यू आणि अ फ्यू यांतही हाच फरक. पेरणी झाल्यावर आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हा अ किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

सराव

आता एका विद्यार्थ्याने लिहावा तसा परिच्छेद घेऊ आणि पायऱ्यांवरून चालवून पाहू.

‘आय लिव्ह इन स्मॉल व्हिलेज निअर द यवतमाळ. माय फादर इज फार्मर. वुई हॅव वेल अँड टू बुलक्स. वेल गोज ड्राय इन समर. आय गो टु कॉलेज बाय द बस. द कॉटन इज अवर मेन क्रॉप. वुई सोल्ड कॉटन लास्ट वीक.’

व्हिलेज हे एकवचनी, मोजता येणारे नाम. वाचणाऱ्याला गाव ठाऊक नाही. पुढचा शब्द ‘स्मॉल’ व्यंजनाने सुरू होतो. म्हणून ‘अ स्मॉल व्हिलेज’. यवतमाळ हे शहराचे नाव, द काढावा. फार्मर हा व्यवसाय, अ हवा. विहिरीचा पहिला उल्लेख, ‘अ वेल’; ‘टू बुलक्स’ला संख्या आहे, उपपद नको. पुढच्या वाक्यात तीच विहीर आली, ‘द वेल’. ‘कॉलेज’ शिकण्यासाठी, म्हणून तसेच राहू द्यावे, आणि ‘बाय बस’मधला द काढावा.

शेवटची दोन वाक्ये नीट पाहावीत. ‘कॉटन इज अवर मेन क्रॉप’ यात कापूस हे पीक सर्वसाधारण अर्थाने आले आहे, म्हणून द काढावा लागतो. पण मागच्या आठवड्यात जो विकला तो यंदा आपल्या वावरात पिकलेला, घरात साठवून ठेवलेला कापूस आहे. शेतकऱ्याच्या घरचा कापूस कोणता, हे आता वाचणाऱ्याला आधीच्या वाक्यावरून कळले आहे. म्हणून तेथे ‘वुई सोल्ड द कॉटन लास्ट वीक’. विद्यार्थ्याने द वापरला होता तो दोन्ही वेळा उलटा : पिकाला लावला आणि विकलेल्या मालाला लावायचा राहिला.